पिंजऱ्यातून शार्क पाहायला कुटुंबासह परदेशी जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही हिंगणघाटकडचे, घरी शेती कापूस-सोयाबीनची. दक्षिण आफ्रिकेत घरच्यांना घेऊन शार्क पाहून आल्यापासून नातलग, शेजारी, मुलांच्या शाळेतले पालक, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. ज्यांना खरंच जायचं आहे त्यांच्यासाठी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगते. घरातलं जे माणूस पिंजऱ्यात उतरणार नाही, त्याच्या सोयीनं सहल आखा. उतरणाऱ्यांचं कसंही निभतं.

हे नेमकं असतं काय?

बोटीच्या कडेला जाड गजांचा पिंजरा दोरांनी घट्ट बांधून पाण्यात सोडतात. त्याचं वरचं तोंड पाण्याच्या वर असतं. आत पाच-सहा जण एका ओळीत, डोकं पाण्याबाहेर ठेवून उभे राहतात. बोटीवरचा माणूस पाण्यावर नजर ठेवून असतो. शार्क जवळ आला की तो ओरडतो, "डाउन! लेफ्ट!" तेवढ्यात श्वास धरायचा, आतली आडवी दांडी पकडायची, खाली बसायचं आणि डावीकडे पाहायचं. काही सेकंदांनी पुन्हा वर यायचं. पाठीवर टाकी नसते, डायव्हिंगचा कोर्सही लागत नाही.

शार्क जवळ यावा म्हणून माशांचा चुरा आणि तेल पाण्यात सोडतात. त्याचा वास प्रवाहाबरोबर लांबवर जातो. दोरीला माशाचा तुकडा किंवा सीलच्या आकाराची नकली आकृती बांधून तीही ओढतात.

"एवढ्या दूर पैसे देऊन मासा पाह्याले कायले जायचं?"

हा प्रश्न आमच्या काकांचा, आणि तो रास्त आहे. समुद्र पाहायचा तर अलिबाग-मालवण आहेच. पण गढूळ हिरव्या पाण्यातून तीन मीटर लांबीचं धूड आवाज न करता पुढ्यात येतं, हातभर अंतरावरून त्याचा डोळा तुमच्यावरून फिरतो, कल्ल्यांच्या फटी उघडतात-मिटतात, आणि शेपटीच्या एका हलक्या झोल्यात ते दिसेनासं होतं. आपण आयुष्यभर जंगलातल्या जनावराच्या गोष्टी ऐकत वाढलो. समुद्रातलं जनावर त्याच तोलाचं असतं हे मला तिथे कळलं. मुलांनी ते लहानपणीच पाहावं असं मला मनापासून वाटतं.

शार्क पिंजरा तोडून आत येतो का?

शार्क पिंजऱ्यातल्या माणसावर धावून जात नाही. तो आमिषाच्या मागे येतो. कधी पिंजऱ्याला नाक घासतो, कारण त्याच्या नाकाभोवती विजेचे अतिसूक्ष्म प्रवाह ओळखणारी छिद्रं असतात आणि खाऱ्या पाण्यातल्या धातूभोवती असे प्रवाह तयार होतात. मात्र अपघात झालेले आहेत. २०१६ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटाजवळ आमिषावर झेपावलेला एक मोठा पांढरा शार्क (ग्रेट व्हाइट जातीचा) पिंजऱ्यात घुसला. शार्कला मागे पोहता येत नाही, त्यामुळे तो आत अडकून धडपडला. आतला माणूस सुखरूप बाहेर आला.

माझ्या मते खरी भीती समुद्राची बाळगावी. एप्रिल २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गान्सबाईजवळ शार्क दाखवणारी एक बोट मोठ्या लाटेनं उलटली आणि तीन पर्यटक दगावले. शार्कचा त्यात काही संबंध नव्हता. म्हणून बोटीवर लाइफ जॅकेट अंगात आहे ना, लहान मुलाच्या मापाचं आहे ना, हे आधी पाहा. हवामान बरं नाही म्हणून कंपनीनं फेरी रद्द केली तर हुज्जत घालू नका. ती कंपनी चांगली.

जगभरातल्या शार्कहल्ल्यांची नोंद फ्लोरिडातल्या एका संग्रहालयात ठेवतात. २०२३ मध्ये माणसानं काही कुरापत न काढता झालेले ६९ चावे त्यात नोंदले आहेत, त्यात १० जण गेले. चावे बसलेले बहुतेक जण सर्फिंग करणारे आणि पोहणारे होते.

जायचं कुठे?

आपल्याकडून सर्वांत सोयीचं दक्षिण आफ्रिकेतलं गान्सबाई. केपटाऊनपासून गाडीनं दोन-अडीच तास. बोटी शेजारच्या क्लाइनबाई या लहानशा बंदरातून सुटतात. पुढे डायर बेट आणि त्याला लागून गायझर रॉक नावाचा खडक आहे, त्यावर हजारो सील राहतात. सील हे पांढऱ्या शार्कचं खाद्य, म्हणून ही जागा प्रसिद्ध झाली. त्याच देशात आणखी पूर्वेला मोसल बे आहे.

ऑस्ट्रेलियात पोर्ट लिंकनहून नेपच्यून बेटांकडे बोटी जातात. पांढऱ्या शार्कसाठी त्या देशात एवढ्याच जागी परवानगी आहे. रॉडनी फॉक्स यांना १९६३ मध्ये शार्कनं जबर जखमी केलं होतं, आणि पुढे त्यांनीच तिथे पिंजऱ्यातून शार्क पाहण्याची सुरुवात केली. जागा उत्तम, पण कुटुंबाला खर्च फार. मेक्सिकोचं ग्वादालूपे बेट २०२३ पासून पर्यटकांसाठी बंद आहे. कुणी तिथलं पॅकेज दाखवलं तर घेऊ नका.

मोठा पांढरा शार्क दिसेलच ना?

नाही, असं धरून चाला. या एका बाबतीत लोकांची सर्वांत जास्त निराशा होते, म्हणून सविस्तर सांगते.

गान्सबाई हे एकेकाळी पांढऱ्या शार्कचं माहेरघर होतं. २०१७ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर मेलेले पांढरे शार्क वाहून येऊ लागले, आणि त्यांच्यातले बहुतेक यकृत नसलेले. ते काम ओर्का म्हणजे किलर व्हेल जातीच्या दोन नरांचं होतं. त्यांच्या पाठीवरचे पर कोलमडलेले, एकाचा डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. म्हणून लोकांनी त्यांची नावं ठेवली पोर्ट आणि स्टारबोर्ड, म्हणजे खलाशांच्या भाषेत डावं-उजवं. शार्कचं यकृत प्रचंड मोठं आणि तेलकट असतं, ओर्का तेवढंच काढून खातात. ओर्का आल्या की पांढरे शार्क तो भाग सोडून जातात, आणि कधी कधी महिनोन्‌महिने फिरकत नाहीत. केपटाऊनजवळच्या फॉल्स बेमधूनही ते जवळपास दिसेनासे झाले. फक्त ओर्काच कारण आहेत की मासेमारी आणि शार्कसाठी लावलेली जाळीही जबाबदार आहेत, यावर तिथल्या शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. २०२३ मध्ये मोसल बेजवळ स्टारबोर्डनं एकट्यानं पांढऱ्या शार्कचं पिल्लू दोन मिनिटांत मारल्याचीही नोंद आहे.

आता गान्सबाईला बहुतांश वेळा दिसतो तो तांबूस पाठीचा, ब्राँझ व्हेलर नावाचा शार्क. तोही अडीच-तीन मीटरचा, चपळ, आणि एकाच वेळी चार-पाच येतात. माझ्या मुलीला तोच जास्त आवडला. पांढराच हवा असेल तर मोसल बेची चौकशी करा. तिथे तो अजून दिसतो, बहुधा कमी वयाचा.

ताडोब्यात मोहर्लीच्या गेटातून पहाटे आत जाऊन वाघ न पाहता परतलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. इथेही तीच तयारी ठेवा. बुकिंग करताना थेट विचारा, गेल्या पंधरा दिवसांत कोणता शार्क दिसला? चांगली कंपनी खरं सांगते. बऱ्याच जणी रोजच्या नोंदी उघड ठेवतात.

शार्क दिसला नाही तर पैसे परत मिळत नाहीत, पुढच्या फेरीचं कूपन मिळतं. नागपूरचं परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी असेल तर त्या कूपनाचा उपयोग नाही. म्हणून शार्कची फेरी सहलीच्या सुरुवातीला ठेवा आणि पुढे दोन-तीन दिवस मोकळे राखा. समुद्र खवळला तरी हेच दिवस कामी येतात.

कोणत्या महिन्यात जावं?

दक्षिण आफ्रिकेत साधारण मे ते सप्टेंबर हा चांगला काळ, म्हणजे तिथला हिवाळा. आपल्याकडे मे महिन्यात कापूस विकून झालेला असतो, मुलांना सुट्ट्या असतात, विदर्भातल्या शाळाही जूनच्या शेवटीच उघडतात. पण मृग लागला की पेरणी डोक्यावर येते. शेती असेल तर मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निघा आणि जूनच्या पहिल्या आठवड्याआधी घरी या. बियाण्याची आणि खताची सोय जाण्याआधी करून ठेवा, नाहीतर सगळं लक्ष फोनवर राहतं.

केपटाऊनकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांतून उठून तिथल्या १२-१५ अंशांच्या वाऱ्यात उतरायचं आहे. जाड स्वेटर, कानटोपी आणि वारा अडवणारं जॅकेट प्रत्येकाला हवं.

शेतकऱ्याला व्हिसा मिळतो का? आयकराचे कागद नाहीत.

मिळतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे अनेकांकडे विवरणपत्र नसतं. त्याऐवजी उत्पन्न दिसेल असे कागद लावा : बँकेचं स्टेटमेंट, सातबारा, आठ-अ, बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या पट्ट्या. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात मोठी रक्कम एकदम भरू नका, संशय येतो. कापसाचे पैसे जसे आले तसे खात्यात दिसू द्या.

मुलांसाठी दक्षिण आफ्रिकेचा नियम कडक आहे. १८ वर्षांखालच्या मुलाचा आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला लागतो. एकच पालक सोबत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्रही लागतं. ग्रामपंचायतीच्या जुन्या दाखल्यावर आईचं नाव "शोभा" आणि पासपोर्टवर "शोभाबाई" असेल तर तिथेच अडतं. पासपोर्ट काढायच्या आधी सगळ्यांचे दाखले समोर ठेवून अक्षर न्‌ अक्षर जुळवा. ग्रामसेवकाकडून दुरुस्ती व्हायला वेळ लागतो, म्हणून हे काम दिवाळीनंतर लगेच सुरू करा. पासपोर्टमध्ये किमान दोन पानं कोरी हवीत.

विमान कुठून?

भारतातून केपटाऊनला थेट विमान नाही. आखाती देशांतून किंवा आदिस अबाबा, नैरोबीमार्गे जावं लागतं. नागपूरहून दोहाला विमान असतं, ते जमलं तर मुंबईची धावपळ वाचते. चालू वेळापत्रक पाहून घ्या.

तिकीट स्वस्त म्हणून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर पीतज्वराच्या (येलो फिव्हरच्या) लसीचा विचार आधी करा. हे देश पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथे बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका लसीचं कार्ड मागते, आणि परतताना भारतातही विचारतात. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवायची तरतूद आहे. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. आजी-आजोबा सोबत असतील तर आखातातूनच जा, हा घोळच नको.

पोहता येत नाही. चालेल?

चालतं. पिंजरा बोटीला बांधलेला असतो आणि धरायला दांडी असते. पण पाण्यात डोकं घालायची सवय नसेल तर घरीच करून घ्या. टाक्यात किंवा मोठ्या टबात गॉगल लावून, श्वास धरून, डोळे उघडे ठेवून दहा सेकंद बसता आलं की पुरे. मुलांना आणि मोठ्यांना, दोघांनाही हा सराव द्या. विहिरीत सराव नको, आणि एकट्यानं तर मुळीच नको.

पाणी किती थंड असतं?

१२ ते १६ अंश. आपल्या विहिरीचं पाणी पौषातही एवढं गार लागत नाही. कंपनी जाड रबराचा सूट, बूट आणि कमरेला वजनाचा पट्टा देते. सूटमध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो आणि तो अंगाच्या उष्णतेनं कोमट होतो. पण मानेतून पहिलं पाणी आत शिरतं त्या क्षणी श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. त्यासाठी शिडीवरून हळूहळू उतरा, तोंडानं लांब श्वास सोडत राहा, आणि श्वास शांत झाल्याशिवाय डोकं खाली नेऊ नका.

बीपी, सिकलसेल असेल तर?

थंड पाण्यात कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयविकार, ताब्यात नसलेला बीपी, दमा, फिट्स, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर पिंजऱ्यात उतरू नका. बोटीवर बसायचं की नाही तेही डॉक्टरांना विचारा.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल आपल्या भागात वेगळं सांगणं भाग आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, नागपूर, सगळीकडे तो आहे, आणि परदेशी माहितीपत्रकांत त्याचा उल्लेखही नसतो. एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून दोष आलेल्या रुग्णाला थंडी, पाणी कमी पडणं आणि दमणूक या तिन्हींमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि या सहलीत तिन्ही एकाच सकाळी असतात. अशा माणसानं थंड पाण्यात उतरू नये, असं मी ठामपणे म्हणेन. लांबच्या विमानप्रवासाबद्दलही आधी डॉक्टरांशी बोला. वाहक म्हणजे एएस असलेल्यांना बहुधा त्रास होत नाही, तरी भरपूर पाणी पिऊन, डॉक्टरांना विचारूनच उतरावं. घरात कुणाची तपासणीच झाली नसेल तर निघण्याआधी करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

मुलं किती वर्षांची हवीत?

कंपनीगणिक नियम वेगळा, बहुतेक ठिकाणी दहा-बारा वर्षांच्या पुढे. लहान मुलं बोटीवर बसून पाहू शकतात. वयात बसतो म्हणून मुलाला ढकलू नका. आधी एक गट उतरताना पाहू द्या, मग त्यालाच विचारा. नाही म्हणाला तर विषय संपला. "एवढे पैसे भरले" हे वाक्य त्याच्यासमोर काढू नका.

आई-बाबा, सासू-सासरे येतात. त्यांनी काय करायचं?

बोटीच्या वरच्या मजल्यावरून शार्क बऱ्याचदा पिंजऱ्यापेक्षाही स्पष्ट दिसतो, कारण पाणी गढूळ असलं तरी वरून सावली आधी कळते. आमच्या सासूबाई वरूनच "आला, आला, त्या बाजूनं!" म्हणून ओरडत होत्या, आणि खालच्यांना त्यांचाच आधार होता. मात्र बोट तीन-चार तास हलत असते. गुडघे दुखत असतील, तोल जात असेल, तर त्यांना किनाऱ्यावरच थांबवा.

किनाऱ्यावरही पुष्कळ आहे. क्लाइनबाईत जखमी पेंग्विनांची शुश्रूषा करणारं केंद्र आहे. वाटेतल्या हरमॅनस गावी जून ते नोव्हेंबर काळात देवमासे किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात, रस्त्याकडेच्या बाकावर बसून पाहता येतात. सिमन्स टाउनजवळच्या बोल्डर्स बीचवर पेंग्विनांची वसाहत आहे. मोठ्या माणसांसाठी यातला एक दिवस पूर्ण ठेवा.

बायकांनी काय घालायचं? दागिन्यांचं काय?

आतून लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा तंग टी-शर्ट, वरून सूट. सूट चढवायला जोर लागतो, त्यामुळे जावा-बहिणींनी एकमेकींना मदत करावी. कपडे बदलायला बंदरावर आडोसा असतो. ओले कपडे काढल्यावर घालायला कोरडा सलवार-कुर्ता, टॉवेल आणि मोजे सोबत ठेवा.

मंगळसूत्र, कानातलं, बांगड्या, जोडवी, सगळं काढायचं. चकाकणारी वस्तू शार्कला माशाच्या खवल्यासारखी दिसू शकते, आणि सूट ओढताना साखळी तुटते ती वेगळीच. जोडवी वर्षानुवर्षं न काढलेली असतात, आदल्या रात्री साबण लावून सावकाश काढा. सगळं खोलीवरच्या तिजोरीत ठेवा, बोटीवर नेऊ नका.

पाळी चालू असेल तर?

पाळीमुळे शार्क हल्ला करतो याला पुरावा नाही. टॅम्पॉन किंवा कप वापरून उतरता येतं. थंडीनं पोटात दुखत असेल तर नका उतरू, एवढंच.

चष्मा आणि मिशी?

मास्कच्या आत चष्मा बसत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरा, किंवा नंबरचा मास्क मिळतो का ते आधी विचारा. झुपकेदार मिशी असेल तर मास्कची रबरी कड नाकाखाली नीट चिकटत नाही आणि पाणी आत येतं. मिशीवर व्हॅसलिन चोपडलं की बरंच थांबतं. आमच्या सासऱ्यांनी मिशीला हात लावू दिला नाही, त्यांचं व्हॅसलिनवर निभलं.

बोट लागते का?

लागते, आणि जोरात. नांगर टाकलेली बोट चालत्या बोटीपेक्षा जास्त डोलते, त्यात माशांच्या चुऱ्याचा वास. ज्यांना एसटीच्या घाटात मळमळतं त्यांनी उलटीची गोळी आदल्या रात्री आणि निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. कोणती आणि किती ते डॉक्टरांकडून लिहून आणा, मुलांचा डोस वेगळा असतो. सकाळी उपाशी जाऊ नका, तेलकटही खाऊ नका. बोटीवर मोबाइलमध्ये डोकं घालू नका, लांब क्षितिजाकडे पाहा.

घरात माळकरी किंवा वासही न सोसणारं कुणी असेल तर त्यांना या वासाची आधी स्पष्ट कल्पना द्या. जेवणाचं म्हणाल तर केपटाऊनमध्ये शाकाहारी भारतीय जेवण मिळतं, गान्सबाईसारख्या लहान गावात कठीण. चिवडा, शेंगदाण्याची चटणी सीलबंद करून न्या. दूध-तुपाचे पदार्थ, ताजी फळं आणि बियाणं टाळा, विमानतळावर अडतात.

खर्च किती?

पिंजऱ्याच्या फेरीला माणशी साधारण दोन ते तीन हजार रँड. एक रँड म्हणजे पाच रुपयांच्या आसपास. खरा खर्च विमानाचा. बोटीवर नुसतं बसणाऱ्याला सवलत आहे का ते विचारा, काही जण देतात. उन्हाळ्याची तिकिटं जानेवारीतच पाहायला लागा.

प्रवासविमा घेताना साहसी खेळ त्यात धरले आहेत का ते वाचा. अनेक पॉलिसींत ते वगळलेले असतात. बंदरावर जबाबदारीचा एक इंग्रजी फॉर्म सही करायला देतात, तो मुलांकडून वाचून घ्या आणि आजार लपवू नका.

यात शार्कला त्रास होत नाही का?

थोडा होतोच, असं मला वाटतं. आमिष दाखवून जंगली जनावर जवळ आणणं आपल्याला इथेही पटत नाही. वाघासाठी कुणी बकरी बांधली तर आपणच ओरडू. तिथल्या परवान्यात शार्कला खाऊ घालण्याला मनाई आहे, तुकडा त्याच्या तोंडी लागण्याआधी ओढून घ्यायचा असतो. दुसरी बाजू अशी की दक्षिण आफ्रिकेनं १९९१ मध्ये जगात सर्वांत आधी पांढऱ्या शार्कला कायद्यानं संरक्षण दिलं, आणि त्यांच्या बऱ्याच नोंदी याच बोटींवरच्या अभ्यासकांनी ठेवल्या आहेत. जिवंत शार्कवर गावाचं पोट चालतं तेव्हा गाव त्याला जपतं. ताडोब्याच्या बफरमधल्या गावांत हे आपण पाहतोच. म्हणून कंपनी निवडताना बोटीवर सागरी जीवशास्त्रज्ञ असतो का, हे विचारा. आणि हात किंवा कॅमेऱ्याची काठी गजांबाहेर काढू नका.

आत गेल्यावर भीती वाटली तर?

हात वर करा आणि "अप" म्हणा, लगेच बाहेर घेतात. यात काही वावगं नाही. मुलाशेजारी आई किंवा वडील असतील अशा क्रमानं उतरा, आणि मुलाला शिडीच्या बाजूला ठेवा.

दक्षिण आफ्रिका जमणारच नसेल तर?

दुबई मॉलमधल्या मत्स्यालयात पिंजऱ्यातून शार्क पाहायची सोय आहे. पाणी कोमट, लाटा नाहीत, आजी काचेबाहेरून पाहू शकतात. समुद्रातला थरार तिथे नाही, पण लहान मुलं आणि वडीलधारे सोबत असतील तर मी आधी तेच सुचवते. तिकीट तारखेचं असतं, पासपोर्टवरच्या नावानं घ्या, आणि मुलाचं वय चालतं का ते पैसे भरण्याआधी विचारा.